नाकवाल्या बाईंचं टेबल

कारखान्यात मावशीला सगळे नाकवाल्या बाई म्हणत, आणि गंमत बघा, गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्या नाकाला काडीचाही वास येत नव्हता. हे ठाऊक होतं फक्त भाचीला. दोघी रसायनशास्त्र शिकलेल्या, दोघी एकाच तपासणीच्या टेबलावर. तिथे रानलसणाची पानं टोपल्या भरभरून यायची आणि पुढे तेलात वाटून बाटल्यांत जायची. टेबलावरचा नियम साधा. पान चुरडा, हुंगा, लसणाचा वास आला तर पुढे पाठवा. नाही आला तर ते तसंच दिसणारं, त्याच सावलीत उगवणारं दुसरं, विषारी पान समजा. ते पोटात गेलं तर काळजाचे ठोकेच बिघडवतं.

भाची गुपचूप हुंगायची आणि टेबलाखालून मावशीच्या पायाला पाय लावून खूण करायची. लबाडीच ती, पण मावशीसाठी तिने याहून मोठी केली असती. या पानाचं वेड तिला मावशीनेच तर लावलं होतं.

"अख्खं पान बघ, कसं गप्प बसलंय," मावशी म्हणायची. "वास देणारं द्रव्य त्यात तयार नसतंच मुळी. अ‍ॅलिइन एका कप्प्यात, त्याला मोडणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. आपण चुरडलं की दोघांची गाठ पडते नि अ‍ॅलिसिन तयार होतं. जंतूंना पुरून उरतं ते! पण आधीच उकळायला टाकलंस की विकर मेलं, सगळं मुसळ केरात."

या पानाने रक्तदाब उतरतो अशी कुणी फुशारकी मारली की लगेच फटकारायची, "माणसांवर पुरेसं तपासलेलं नाही. बाटलीवर एक अक्षर लिहायचं नाही." अशी बाई! भाचीला तिचा केवढा अभिमान वाटायचा.

पण परवा भाची रजेवर असताना खवट तेलाचा डबा मावशीच्या हातून पास झाला आणि मालकांच्या मनात पाल चुकचुकली. आज सकाळीच ते टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई, आज माझ्यासमोर तपासायचं. भाची तिकडे खिडकीशी बसेल. नाही जमलं तर उद्यापासून टेबल तिचं, तुम्ही घरी आराम करा."

भाची खिडकीशी जाऊन बसली. मावशीला मूल ना बाळ, सगळं आयुष्य या टेबलावर गेलेलं. घरी बसून ती काय करणार होती? चार भिंतींशी बोलणार?

मालक हौशी गडी. मदत म्हणून स्वतःच पानं चुरडायला लागले, हुंगून मान डोलवायला लागले. मावशी मात्र पान नाकाशी नेण्याचं नाटकही करेना. उलटं करायची, बोटांनी चाचपायची, मधली शीर कानाशी मोडायची आणि बाजूला ठेवायची. बराच वेळ हे चाललं.

"अहो बाई, वास घ्या ना! हे काय आरंभलंय?" मालक वैतागले. टोपलीतलं एक पान त्यांनी चुरडलं, हुंगलं आणि खिडकीशी जाऊन भाचीपुढे धरलं. "सांग."

"लसूण," भाची म्हणाली. वास नुसता घमघमत होता, खोटं कशाला बोलणार?

"बघा, याला म्हणतात तपासणी!" म्हणत मालकांनी, गिऱ्हाइकांपुढे नेहमी करायचे तसं, ते पान तोंडाकडे नेलं.

मावशी धावली आणि फाडकन त्यांच्या हातावर मारलं. पान खाली पडलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? मघापासून लसूण चुरडताय, तो वास तुमच्या बोटांना आहे! पानाची पाठ बघा, कशी चकाकतेय. रानलसणाची पाठ फिकट असते. आणि शीर मोडताना कट्‌ आवाज येतो, तो आला का?"

"पण तुम्ही तर हुंगलंसुद्धा नाहीत."

"हुंगून काय करू? मला वास येतच नाही. तापापासून."

झालं, मावशीने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असं भाचीला वाटलं.

भाचीने नवे हातमोजे चढवले, पान धुतलं, मधून तुकडा कापला आणि कुटून त्याचा रस घटक मोजणाऱ्या यंत्रात घातला. मालक पाठीशी उभे होते. पडद्यावर अ‍ॅलिसिनचं टोक जिथे उंच चढायला हवं, तिथे रेघ जवळजवळ आडवी पडली होती.

मालकांनी खुर्ची ओढून घेतली. "मी खाल्लं असतं की हो ते."

भाची मावशीकडे वळली. "मावशी, वास तर माझ्याही बोटांना असायचा. इतके दिवस मी केलेल्या खुणा..."

"त्यांच्यावर मी एकही पान सोडलं नाही गं. तू इतक्या मायेने करायचीस, तुझं मन मोडवेना मला."

मालक उठले. "बाई, टेबल तुमचंच. आता आम्हाला शिकवा. आधी पाठ, मग शीर, नाक सगळ्यांत शेवटी."

"शिकवीन. तेल मात्र हिच्याकडे द्या, त्यातलं मला कळायचं नाही."

ते गेल्यावर मावशी कितीतरी वेळ टेबलावर हात फिरवत राहिली. मग तिने टोपलीतलं एक चांगलं पान निवडलं, चुरडलं आणि भाचीपुढे धरलं.

"कसा आहे गं वास?"

भाची पानावर वाकली. "तिखट आहे, मावशी. एकदम नाकात चढतोय. मागून थोडा गोडसर, हिरवा."

"अजून," मावशी डोळे मिटून म्हणाली. "अजून सांग."