हवा: ठीक

स्वरदाच्या तोंडावरचा वाफेचा मास्क काढून मी तिचं नाक पुसत होते, तेव्हा निरंजन लॅपटॉपमागून म्हणाला, "आला गं निकाल. आपला मोहल्ला 'चांगला'मध्ये आला."

मी मास्क धुवायला घेतला.

उरला या औद्योगिक भागातल्या कारखान्यांपासून आमचा फ्लॅट लांब नाही. सकाळी खिडकीची कड पुसली की फडकं काळं होतं. लेकीचा दमा बघून डॉक्टर म्हणाले होते, जमलं तर जागा बदला. निरंजन म्हणाला, अंदाजानं घर बदलत नसतात. त्याच्या संस्थेत शहरातल्या वस्त्या राहायला कशा आहेत याचा अभ्यास चालू होता. आमची वस्ती वाईट निघाली तर लगेच निघू, असं त्यानंच कबूल केलं होतं. म्हणून मी थांबले होते.

"हवेचं काय आलं?"

"ठीक. निम्म्याच्या थोडं वर. पाणी, दुकानं, शेजार मस्त. सगळं मिळून चांगलं."

"हवा मोजली कोणी?"

"ही फझी पद्धत आहे. यात हो की नाही असं नसतं. लोक खराब, ठीक, चांगलं म्हणतात, आपण त्या शब्दांचे अंश करतो. माणूस काय मशीन घेऊन जगते का?"

"कोण म्हणालं ठीक?"

"आपल्या बिल्डिंगचे सगळेच."

सासूबाई मेथी निवडत होत्या. "मी बी म्हटलं ना. तू पोरीले घेऊन दवाखान्यात गेली होती, तवा ती सर्वेवाली पोट्टी आली. मले विचारलं, आंटी, हवा कैसी है? म्हटलं, ठीक है बेटा, बैठो, चाय पियो."

"आई, स्वरदाचं सांगायचं ना," मी म्हटलं.

"काहून? घरी आलेल्या माणसापाशी आपल्याच घराले नावं ठेवाची? तिले काय वाटंल, कुठं येऊन पडले हे लोक!"

वरच्या चेतनाताईंनीही तेच सांगितलं असणार. त्यांचा गौतम दम्याचा पंप घेऊनच शाळेत जातो. साऱ्या बिल्डिंगनं चहा पाजून हवा ठीक केली होती.

"माझं उत्तर घाल आता," मी म्हटलं.

"नाही चालत. मी त्या टीममध्ये आहे, निकालानंतर बायकोचं कसं घेऊ?" मग जरा मवाळपणे म्हणाला, "पुढच्या वर्षी परत सर्वे आहे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी मास्क उन्हात वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी मी स्वरदाला घेऊन कारखान्यांपासून लांब, चौबे कॉलनीत एक रिकामी जागा बघायला गेले. घरमालकीण कलावती दीदी दारातच म्हणाल्या, "आओ बहू. यहाँ सब बढ़िया है. हवा एकदम साफ. चाय लोगी ना?"

त्या बोलत होत्या आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे ऐकू येत होतं, पण आत पोचत नव्हतं.

"दीदी, छत देखूँ?"

गच्चीवर स्वरदाला खाली सोडलं. एक कबुतर होतं, ती त्याच्यामागे धावली. टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मी तिच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघत होते, दम लागल्यावर जाते तशी ती श्वासासोबत आत ओढली जाते का ते. तिथे बोट ठेवून पाहिलं. नव्हती जात. एका दिवसानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

खाली येऊन मी कलावती दीदींना जागा पक्की सांगितली. मग निरंजनला फोन केला.

"मले विचारलं पण नाही?" तो म्हणाला. "अगं, कोणत्या आधारावर?"

"स्वरदा धावली."

मग तो म्हणाला, "आईले काय सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं, आणि स्वरदाच्या चपलेचा पट्टा लावायला खाली बसले.