निवलेला चहा

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका सॅक्सोफोनवाल्याची गोष्ट सांगतो.

कार्यक्रमाला थोडा अवकाश होता. त्याने वाद्याचा पट्टा गळ्यात अडकवला, हेडफोन चढवला आणि पायाने बटण दाबलं. घरी टिपलेले आवाज कानात सुरू झाले: फ्रिजची घरघर, घड्याळाची टिकटिक, बशीवर बशी ठेवल्याचा आवाज. पुढे काहीच नाही. त्याने पुन्हा दाबलं.

"इथे एक आवाज होता."

"त्या बाईंचा ना? चुकून आला होता मागे. काल काढून टाकला," ध्वनिमुद्रक म्हणाला. "बघा, कसं लख्ख झालंय."

"मूळ प्रत?"

"तीच साफ केली. का हो?"

"आई होती ती."



या सॅक्सोफोनवाल्याची वाजवायची तऱ्हाच वेगळी. आधी घराचा आवाज टिपायचा, तो गोल गोल फिरवत ठेवायचा आणि त्यावर जॅझचे सुटे सूर सायीसारखे पसरायचे. काही वर्षांपूर्वी असंच टिपताना आईने स्वयंपाकघरातून वडिलांना हाक मारली होती, "अहो, ऐकलं का? चहा निवतोय." वडील पेपरात डोकं खुपसून बसलेले. त्यांनी ओ दिलीच नाही. त्याच महिन्यात ती गेली. तिचा आवाज म्हणून एवढाच मागे उरला होता.

वडील या संगीताला भोंगा म्हणत. "ना आगा ना पिछा. दळण घातल्यासारखं तेच ते." तरी रियाझाच्या वेळी दाराशी येऊन उभे राहत, आणि हाक होऊन गेली की मुकाट्याने परतत.

आज ते पहिल्यांदाच कार्यक्रमाला आले होते. शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर. हाक पुसली गेल्याचं त्यांना सांगायला वेळ मिळाला नाही. खरं तर धीर झाला नाही.

कार्यक्रम सुरू झाला. फ्रिज घरघरला. बशी वाजली. हाकेची जागा आली तसा त्याने सॅक्सोफोन ओठांपासून दूर केला आणि ती जागा रिकामी जाऊ दिली. दुसऱ्या फेरीतही तेच. लोकांना वाटलं, हाही प्रयोगच असेल.

तिसऱ्या फेरीत त्या रिकाम्या जागेत मागे कुठेतरी खुर्ची सरकली.

"आलो गं," वडील म्हणाले.

त्याने डोळे न उघडता पुढचा सूर लावला.

गोष्ट एवढीच. घरी चहा घ्याल तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.