खाऱ्या पाण्यातलं खमीर

आमच्या बेकरीच्या विहिरीत समुद्र शिरला आणि पाव फुगेनासा झाला. गोड्या पाण्याचा टँकर येतो, पण तो जेमतेम पिण्यापुरता. पीठ मळायला विहिरीशिवाय दुसरं पाणी नाही. मोठं गिऱ्हाईक उरलं होतं एकच, वसतिगृह, आणि त्यांनीही सांगून टाकलं होतं की शुक्रवारी नीट पाव मिळाला नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो.

"आपण यीस्टला शिकवू!" मी म्हणाले.

आत्याने गल्ल्यावरून मान वर केली. "तुला शिकवताना आमचे केस पिकले, भिंगरे. आता यीस्टची शिकवणी?"

पण मी कुठली ऐकतेय! खमिराच्या बरणीत रोज जरा जास्त खारं पाणी घालायला लागले. जीवशास्त्राच्या बाईंनी शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी न्यायला दिला आणि मी त्याला डोळा लावून बसले.

आक्रसलेल्या पेशी दिसल्या, बाकीचं बाईंच्या पुस्तकात सापडलं. तर होतं असं. मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर पळतं आणि बिचारी बेदाण्यासारखी आक्रसते. ते आवरणावरच्या प्रथिनांना कळतं. मग निरोपानिरोपी सुरू. एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत निरोप हॉग-वन नावाच्या प्रथिनापर्यंत जातो. ते धावत केंद्रकात घुसतं आणि झोपलेल्या जनुकांना हलवून उठवतं, ग्लिसरॉल बनवा, आत्ताच्या आत्ता! ग्लिसरॉल पाणी धरून ठेवतं. ते बाहेर गळू नये म्हणून पेशी त्याचं दारसुद्धा लावून घेते. एवढ्याशा जिवाची केवढी ती अक्कल! मी हे जेवताना सांगितलं तेव्हा बाबा घास हातात धरून ऐकत राहिले.

गुरुवारी बरणीत निव्वळ विहिरीचं पाणी होतं आणि यीस्ट जिवंत होतं. मी स्वयंपाकघरभर नाचले. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

"उद्या सगळं पीठ यातच भिजवतो," ते म्हणाले.

माझा नाच थांबला. "बाबा, थांबा. बुडबुडे फार कमी येताहेत."

"का?"

"पिठातली साखर ग्लिसरॉल करण्यात चाललीय. जीव वाचवण्यातच सगळं खर्च होतंय. पाव फुगवायला वायू कशाचा करणार?"

"पण पेशी जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मग करतील गं. नव्या जागी माणसालासुद्धा वेळ लागतो."

शुक्रवारी पहाटे भिजवलेलं पीठ परातीत जसंच्या तसं पडून राहिलं. आत्याने फडकं उचलून बघितलं, पुन्हा झाकलं. शेवटी बाबांनी ते तसंच साच्यांत भरून भट्टीत सारलं.

वसतिगृहाचा आचारी आला. त्याने एक पाव उचलला, अंगठ्याने दाबला. अंगठा रुतलाच नाही.

"शेठ, पोरं हा माझ्याच डोक्यात घालतील हो," तो हसत म्हणाला. मग आमच्याकडे बघून त्याचंही हसू गेलं. "वाईट वाटून घेऊ नका. उद्यापासून..."

"कळलं," बाबा म्हणाले.

तो गेल्यावर बाबांनी बरणी उजेडात धरली. "अजून जिवंत?"

"हो."

"किती दिवस राहतील?"

"पीठ घालत राहिलो तर... राहतील की."

"मग नको घालूस."

एरवी माझ्याकडे दर वेळी काहीतरी युक्ती असते. आज मी नुसती बरणी त्यांच्या हातातून घेतली आणि पिठाच्या डब्यापासून लांब ठेवली. बाबा मागच्या दारी जाऊन साचे रिकामे करायला लागले. उरलेले पाव निघेनात, तेव्हा ते साचे दगडावर आपटत राहिले. आत्याने उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.