फुलाबाईंचा उजवा फेरा

"स्त्रीच्या पायांना आज चाके लागली! आता तिला अडवील अशी भिंत या भूतलावर उरलेली नाही!" तालुक्याहून आलेले डॉक्टर उपकेंद्राच्या ओट्यावरून गरजले, आणि स्टँडवर उभी असलेली नवी लेडीज सायकल, कुणी बोटही लावलेले नसताना, आपणहून आडवी झाली.

टाळ्यांसाठी वर गेलेले हात हवेतच राहिले.

"साहेब, ही रिकामी हाय तर उभी ऱ्हाईना," आरोग्यसेवक आप्पासाहेब घरात मयत झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "बाई बसल्यावर काय उजेड पाडंल? त्यापरीस माझ्याकडं द्या. गंजायची तरी न्हाय."

फुलाबाईंनी सायकल उचलली आणि घंटीवरची माती पदराने पुसली.

फुलाबाई म्हणजे गावची शिष्टरबाई. वय सेहेचाळीस. अठरा वर्षे खांद्याला लशीचा डबा अडकवून त्या वस्त्यावस्त्यांवर पायी जात होत्या. कोकणातल्या माणसाला समुद्राचा फार गर्व असतो. त्याने जानेवारीत इंदापूर तालुक्यात येऊन उजनीचा फुगवटा पाहावा. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, होड्या असतात. फक्त भरती-ओहोटी चंद्राऐवजी धरणाची दारे ठरवतात. या पाण्याच्या काठाने गाव, भोईवस्ती, गुऱ्हाळ आणि परत गाव असा नऊ किलोमीटरचा गोल रस्ता होता. बैलगाडी आणि बगळे सोडले तर त्यावर रहदारी नव्हती.

गेल्या डिसेंबरात, पोलिओच्या रविवारी, फुलाबाई भोईवस्तीवर पोचल्या तेव्हा डब्यातल्या बर्फाचे पाणी होऊन लस वाया गेली होती. अकरा पोरे तोंडे उघडून ओळीने बसली होती. फुलाबाईंनी झाकण लावले आणि "मिटा रं तोंडं," एवढेच म्हणाल्या. सारजा भोईण नातवाला कडेवर घेऊन वेशीपर्यंत मागे आली होती. "बाई, आमची पोरं लांब ऱ्हात्यात ह्यो त्यांचा गुन्हा हाय का?" तिने विचारले. त्या रात्री फुलाबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलीसाठी अर्ज केला.

"असं करू," डॉक्टर म्हणाले. "आज पोलिओचाच रविवार आहे. बाईंनी डबा घेऊन हा गोल रस्ता न पडता पुरा केला, तर सायकल त्यांची. पडल्या, तर आप्पासाहेबांची."

"कबूल!" फुलाबाई इतक्या झटकन म्हणाल्या, की आप्पासाहेबांना संशय आला.

त्याला कारण होते. महिनाभर रोज पहाटे, पाहुण्यांची जुनी सायकल आणून, फुलाबाई मारुतीच्या देवळाभोवती शिकल्या होत्या. गावात तेवढीच सपाट जागा. मागून कॅरिअर धरून त्यांचे मालक गेणबा पळत. गेणबांचा जन्म मेंढरांमागे गेला होता, त्यामुळे बायको भिंतीकडे गेली की त्यांच्या तोंडून आपोआप "हुर्र, हुर्र!" निघे, आणि बायकोही आपोआप रस्त्यावर येई. फक्त एक झाले. देवाला प्रदक्षिणा घालायची ती उजवी. एकदा फुलाबाईंनी हँडल डावीकडे वळवले, तर गेणबांनी कॅरिअरच सोडला.

"देवाला उलटा फेरा? गावावर काय आणती का काय?"

तेव्हा फुलाबाई उजवीकडे वळण्यात तालुक्यात पहिल्या होत्या. डावीकडे वळायचे म्हटले, की हँडल ऐके. अंग ऐकत नसे. पण गुऱ्हाळाकडून निघाले की त्या गोल रस्त्याची चारही वळणे उजवी होती. म्हणून तर "कबूल!"

"मात्र आधी भोईवस्ती घ्या," डॉक्टर जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "तिथली चिलापी सकाळी ताजी मिळते म्हणतात."

झाले! माशापायी रस्ता उलटा फिरला. चारही वळणे डावी झाली.

गेणबांचा चेहरा उतरला. ते जवळ येऊन पुटपुटले, "आता गं?"

"आता काय," फुलाबाई म्हणाल्या. त्यांनी डबा कॅरिअरला बांधला, पायरीवर पाय टेकून सीटवर बसल्या आणि पदर खोचला. "मारुतीला ठावं."

पहिले वळण वडाच्या फाट्यावर. मागून जीप येत होती. डॉक्टर मान बाहेर काढून बघत होते. फाटा आला. डावीकडे पाण्याचा रस्ता लखलखत होता. फुलाबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिले, आणि सरळ पुढे गेल्या.

"चुकल्या!" डॉक्टर ओरडले.

फुलाबाईंनी फाट्यापुढच्या वडाला उजवा फेरा घातला. अर्धा फेरा झाला, पाऊण झाला, आणि पाऊण फेऱ्याला वडामागून सायकल बाहेर आली, तेव्हा तिचे तोंड बरोबर पाण्याच्या रस्त्याकडे होते. डावीकडे जायला तीनदा उजवीकडे वळले तरी चालते, हे फुलाबाईंना जगात कुणी शिकवले नव्हते. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी समोर चिटपाखरू नसताना घंटी वाजवली.

"हे काय होतं?" डॉक्टरांनी ड्रायव्हरला विचारले.

"वडाला फेरा घातला, साहेब," सिद्धू ड्रायव्हर म्हणाला. "बाईमाणूस हाय. सोडून कसं जाईल?"

डॉक्टरांनी वडाला नमस्कार केला. सिद्धूही, पाप लागू नये म्हणून, जीपचा फेरा घालूनच वळला.

भोईवस्तीत वळणावर नवी होडी पूजेसाठी मांडून ठेवलेली होती. फुलाबाईंनी तिला फेरा घातला. मागून जीपनेही घातला. सरकारी गाडीने होडीला प्रदक्षिणा घातल्याचे वस्तीने कधी पाहिले नव्हते. हळदकुंकवाची ताटे तशीच धरून बाया बघत राहिल्या.

"पाण्यात बुडायची न्हाय आता ही," एक म्हातारा भोई म्हणाला.

फुलाबाई उतरल्या आणि डब्याचे झाकण उघडले. आतला बर्फ दगडासारखा टणक होता. त्यांनी सारजाचा हात धरून त्यावर ठेवला.

"आगं बया! पोळलं की!" सारजाने हात झटकला, आणि मग पुन्हा आपणहून ठेवला. "गार हाय, गं. लई गार हाय."

"उघडा रं तोंडं," फुलाबाई म्हणाल्या.

अकरा तोंडे उघडली. दोन-दोन थेंब. शेवटचे पोर सारजाचे. त्याने थेंब गिळले आणि आणखी मागितले. फुलाबाईंना एकदम पाण्याकडे पाहावेसे वाटले. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. डॉक्टर तोवर चिलापीच्या काट्यात गुंतले होते.

गुऱ्हाळापाशी फुलाबाईंनी रस उकळणाऱ्या चुलाणाला फेरा घातला. गुळव्याने हात जोडले आणि जीपच्या खिडकीतून गुळाचा खडा दिला. सायकल आता हलकी झाली होती, वारा पाठीवर होता, उसाचे तुरे दोन्ही बाजूंनी माना हलवत होते, आणि अठरा वर्षे ज्या रस्त्याने टाचा फोडल्या तो रस्ता फुलाबाईंच्या खालून मुकाट्याने सरकत होता.

उरले शेवटचे वळण. उपकेंद्राच्या कोपऱ्यावर, बाई पडताना नीट दिसाव्यात म्हणून, आप्पासाहेब हाताची घडी घालून रस्त्यात उभे होते. दुसरे झाड नाही, दगड नाही. फुलाबाईंनी आप्पासाहेबांना फेरा घातला.

आप्पासाहेब प्रथम दचकले. मग जीपनेही फेरा घातला, तेव्हा त्यांच्या हाताची घडी आपोआप सुटली, आणि उजवा हात आशीर्वादासाठी वर गेला.

गावाने ढोल आणला. डॉक्टरांनी सायकल फुलाबाईंच्या नावे लिहिली, नारळ दिला, हार घातला. फोटोसाठी फुलाबाई पायरीवर पाय टेकून पुन्हा सीटवर बसल्या. गेणबा कुणाला दिसू नये अशा बेताने डोळे पुसत होते.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "मार्गातल्या प्रत्येकाचा मान राखत पूर्ण केलेली अशी प्रदक्षिणा मी पाहिली नाही! मागा, काय हवं ते मागा. जिल्ह्यापर्यंत जाऊन मिळवून देतो!"

ढोल थांबला. फुलाबाईंनी नारळ कॅरिअरला बांधलेल्या डब्यावर ठेवला, रस्त्याकडे पाहिले आणि थोडा विचार केला.

"आप्पासाहेब," त्या म्हणाल्या, "जरा सायकल उचलून हिचं तोंड फिरवून देता का? माझं घर डावीकडं हाय."