तोंडातली आग

गावात बिडीबंदी झाली त्या दिवसापासून विरूपाक्षअप्पांना हक्क, कायदा, स्वातंत्र्य असले जडजड शब्द सुचायला लागले. त्याआधी त्यांच्या तोंडून 'उधार मिळणार नाही' यापलीकडं फारसं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. पारासमोर त्यांचं दुकान. मीठमिरची नावाला, खरा धंदा बिडी, तंबाखू आणि तंबाखूच्या पानाच्या जाड चुट्ट्यांचा. बंदीनं पार ओस पडला तसं दुकानही ओस पडलं. पण अप्पा दुकानाचं नाव कधी काढायचे नाहीत. "धंदा जाऊ दे खड्ड्यात," म्हणायचे, "माणसाच्या हक्काचा सवाल हाय ह्यो!"

लातूर जिल्हा नवा झाला आणि पावसानं पाठ फिरवली. साहेब जवळ आला नि पाणी लांब गेलं, अशी थट्टा लोक करायचे. विहिरी आटल्या. उदगीरकडून टँकर यायचा, तोही मर्जी झाली तर. अशात कुणीतरी बिडीचं थोटूक फेकलं आणि सरपंच माणिकप्पाची कडब्याची गंजी पेटली. विझवायला पाणी कुठलं? लोकांनी माती फेकून बघितली आणि मग नुसतेच उभे राहिले. चारा गेला म्हणून माणिकप्पानं बैलजोडी बाजारात नेली. घेणारा कोण आणि कशासाठी घेतोय, हे त्यानं विचारलं नाही. परत आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं ग्रामसभा बोलावली.

नियम साधा होता. पारावर, देवळापुढं, टँकरपाशी, चार माणसांत ज्याच्या तोंडातून धूर दिसेल, त्याची त्या दिवशीची पाण्याची पाळी गेली.

अप्पा ताडकन उठले. "गंजी जळली, वाईट झालं. पर एकाच्या थोटकापायी सगळ्या गावाला शिक्षा? माझं तोंड, माझी छाती, माझी बिडी. तुमी कोण मधी पडणारे?"

"तोंड तुमचंच हाय," माणिकप्पा म्हणाला. "पर धूर माझ्या नातवाच्या छातीत जातो, त्याचं काय? आन ठिणगी काय इचारून पडती?"

"मग ठिणगी पाडणाऱ्याला धरा. पाणी तोडायचा हक तुमाला कुणी दिला? लातूरला नवा कलेक्टर बसलाय. जाऊन इचारतो."

"जावा की. येताना पाणी घेऊन या."

सभा खो-खो हसली आणि नियम पास झाला. बिडी ओढणाऱ्यांनीसुद्धा हात वर केले, कारण हात वर करताना प्रत्येकाला शेजाऱ्याचीच घागर रिकामी दिसत होती. अप्पांना नियमापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

त्यांच्या भिंतीला भिंत लावून नागाबाई राहायची. रोजमजुरी करणारी विधवा बाई, माहेर देगलूरच्या पलीकडं तेलंगी मुलखात. तिकडच्या बायका चुट्टा उलटा ओढतात. जळतं टोक तोंडात, कोरं टोक ओठाबाहेर. निंदता-खुरपताना वाऱ्यानं विझत नाही, ठिणगी लुगड्यावर पडत नाही. सासरा नाहीतर पाटील समोर आलाच, तर अख्खं थोटूक गालाआड सरकवून ओठ मिटून घ्यायचे, ही तिथली रीत. नागाबाई तशीच वाढलेली. एके दिवशी तिला बघता बघता अप्पांना ती रीत आठवली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. किती सोपं होतं हे!

"नागाबाई, टँकरपाशी तोंडात चुट्टा घेऊन उभी राहा. आग तुझ्या तोंडात. ना ठिणगी बाहेर, ना धूर. माणिकप्पानं तुला सोडलं की नियम मोडला, अडवलं की मी लातूर गाठतो."

"नगं अप्पा. माझी लेक चांगुणा बाळंत हुन पडलीया. लेकराचं अंग पुसाया पाणी न्हाई, तिच्या घशाला कोरड पडून राहिली. आजची पाळी गेली तर मी काय करू?"

"पाळी जातीच कशी? मी हाय ना पाठीशी! शेजार हाय आपला." आणि अप्पांनी बरणीतले दोन जाड चुट्टे काढून तिच्या हातावर ठेवले. फुकट. अप्पांच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. किती दिवसांत चुट्ट्याचा वास न लागलेल्या त्या बाईचा हात मागं गेला नाही. अप्पा शिकलेले, त्यांना कायदा कळतो, असं तिला वाटलं. अप्पांनाही तसंच वाटत होतं.

टँकर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. घागरींची रांग लागली. रांगेत मारामाऱ्या व्हायच्या म्हणून दुष्काळी कामावरची हजेरी इथंही सुरू केलेली. कोतवाल व्यंकटी एकेका घराचं नाव पुकारायचा, त्या माणसानं 'हाजर' म्हणायचं, मगच घागरीत पाइप. नाव पुकारून बोललं नाही तर पुढचं घर. अप्पा स्वतः कितीदा 'हाजर' म्हणाले असतील! पण कायद्याचा एवढा कीस काढताना तो एक शब्द त्यांच्या ध्यानात आलाच नव्हता.

"माणिकप्पा, बघा!" अप्पांनी आवाज चढवला. "नागाबाई चुट्टा वढून राहिली. कुठं हाय धूर? कुठं हाय ठिणगी?"

नागाबाईनं थोटूक गालाआड सारून ओठ घट्ट मिटले. माणिकप्पा तिच्यासमोर येऊन उभा राहिला, तिच्या फुगलेल्या गालाकडं निरखून बघितलं आणि मान डोलावली. "न्हाई बुवा. अप्पांचं बरोबर हाय. नियम धुराचा हाय. उभी राहू द्या." मग वळून म्हणाला, "व्यंकटी, दमानं पुकार. आज काय घाई न्हाई."

अप्पा चारी दिशांना बघून हसले. जिंकलो, असं त्यांना खरंच वाटलं. मग व्यंकटीनं एक नाव पुकारलं, "हाजर" आलं, घागर भरली. दुसरं पुकारलं. अप्पांचं हसू ओठावरच वाळलं. आता कळलं त्यांना. नागाबाईचं कपाळ घामानं निथळत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गाल आतून उडत होता. सासऱ्यापुढं घटकाभर लपवायची ती आग, एवढा वेळ धरायची नव्हे. थुंकावी तर सगळ्यांसमोर धूर. तिनं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी टँकरच्या चाकाकडं बघितलं.

"नागाबाई!"

तिनं हात वर केला.

"हात कशाला?" माणिकप्पा म्हणाला. "अप्पा म्हणतात तोंड जिचं तिचं. मग बोलू द्या की त्या तोंडानं."

रांग हसली. सभेत हसलेली तीच माणसं. काहींच्या बायका मागल्या आठवड्यात तिच्याच ओसरीवर बसून बाळ बघून आलेल्या.

"पुकार पुन्यांदा."

"नागाबाई!"

तिनं गिळलं. जळतं थोटूक, राख, सगळं. गळ्याची शीर ताठ झाली, पण घागर हातातून सुटली नाही. मग तिनं तोंड उघडलं.

"हा... जर."

शब्दाबरोबर धुराची बारीक रेघ बाहेर आली आणि उन्हात विरली.

"दिसला," माणिकप्पा शांतपणे म्हणाला. "व्यंकटी, तुला?"

व्यंकटीनं खाली बघत मान हलवली. "दिसला."

"पाळी गेली. पुढचं घर."

पुढचं घर अप्पांचं. व्यंकटीनं नाव पुकारलं. पाइप माणिकप्पानं स्वतःच्या हातात घेतला होता. नागाबाई जागची हलली नव्हती, घागर तशीच पुढं धरून उभी होती. बोलायला गेली तर नुसतीच घरघर आली, म्हणून ती अप्पांकडं बघून गावाकडं बोट दाखवत राहिली, चांगुणा पडली होती त्या दिशेला.

"बोला अप्पा," माणिकप्पा म्हणाला. "काय म्हणणं हाय तुमचं? सगळे ऐकून राहिलेत."

अप्पांकडं म्हणण्यासारखं पुष्कळ होतं. लातूरच्या साहेबापुढं करायचं भाषण त्यांनी आठ दिवस घोकलं होतं. माणसाचा हक्क, पाण्याचा हक्क, सगळं त्यात होतं. त्यांनी पाइपाच्या तोंडाशी गळणारं पाणी बघितलं. भाषण गिळलं.

"हाजर," अप्पा म्हणाले.

माणिकप्पानं त्यांची घागर काठोकाठ भरली. वर सांडेपर्यंत भरली.

घराची वाट एकच होती. रिकामी घागर कमरेवर घेऊन नागाबाई पुढं चालली होती, मधेच थांबून रक्त थुंकत होती. तिला गाठायला नको म्हणून अप्पा मागं मागं रेंगाळले, तरी तिचं दार आलंच. आतून चांगुणा विचारत होती, "आय, मिळालं का गं पाणी? किती मिळालं?" उत्तर येत नव्हतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा विचारत होती. अप्पा घरात शिरले, आधी दाराची कडी लावली आणि मग खांद्यावरची घागर खाली उतरवली.