माय, मावशी आणि एक वजनकाटा

त्या सकाळी घरातली आई नेहमीसारखी माझ्यावर चढली, वाकून आकडा पाहिला आणि म्हणाली, "हा काटा लबाड आहे."

"काटा नाही, तुझा चष्मा लबाड," आतून तिची मुलगी म्हणाली. दोघी हसल्या.

तो त्यांचा शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी आईचं हृदय थांबलं.

मित्रांनो, मी गोल तबकडीचा, लाल काट्याचा जुना वजनकाटा. माझी उमेदीची वर्षं एका दवाखान्यात गेली. बाळ हवं असूनही होत नसे, अशी माणसं तिथे येत. बाळासाठी आईच्या शरीरातलं इवलंसं स्त्रीबीज लागतं. कुणाकडे ते नसेल, तर दुसरी स्त्री आपलं देऊ शकते. पण नुसती इच्छा पुरत नाही. आमच्याकडे देणारीचं वय तेविशीच्या पुढे आणि पस्तिशीच्या आत लागे. रक्त, घराण्यातले आजार, मनाची तयारी, सगळं तपासत. वजनाचं काम माझं.

ही आई आली ती धाकट्या बहिणीला घेऊन. "बीज माझं घ्या," बहीण म्हणाली. पण पस्तिशी उंबरठ्यावर आणि प्रकृती तोळामासा! ती उभी राहिली तेव्हा माझा काटा जेमतेम हलला.

"आधी अंगाला काही लागू दे," सिस्टरबाई म्हणाल्या. "वय काही तुमच्यासाठी थांबायचं नाही."

मग शर्यतच लागली. ती खात होती, ताई खाऊ घालत होती, आणि मी श्वास रोखून वाट पाहत होतो. एके दिवशी वजन एकदम वाढलं! मी आनंदाने थरथरलो. सिस्टरबाईंनी मात्र कान टवकारले.

"खिशात काय खुळखुळतंय?"

किल्ल्यांचा जुडगा निघाला. मागोमाग कुलूप.

"तुम्ही शेर, तर मी सव्वाशेर. काढा अजून काय आहे ते."

दोघी बहिणी हसता हसता रडल्या.

पुढच्या खेपेला ती अनवाणी, रिकाम्या खिशांनी उभी राहिली. काटा चढला, रेंगाळला आणि हव्या त्या खुणेपलीकडे जाऊन थांबला. पस्तिशीला अजून अवकाश होता. मित्रांनो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं!

मुलगी झाली. पुढे दवाखान्यात आकडे चमकणारं यंत्र आलं आणि मी अडगळीत गेलो. आईने मला मागून घरी आणलं. मुलीला तिने लहानपणीच सगळं सांगितलं. पोर मावशीकडे धावली की आई चिडवायची, "माय मरो, मावशी जगो!" पोर नुसती हसायची. एकदा मात्र आई एकटीच माझ्यावर उभी राहून पुटपुटली, "तिच्यात माझं वजन किती असेल रे?" ते काही मला मोजता येईना.

काल मावशी आवराआवर करायला आली.

"हा भंगारात देऊ या का गं? कुणी नसतानाही थोडं वजन दाखवतो."

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिच्यावर उभं राहून पाहावं. मुलीने तेच केलं. आईची पावलं जिथे असत, तिथेच तिने आपली ठेवली. मावशीचा हात धरला आणि माझ्या तबकडीकडे पाहत म्हणाली,

"आई, ती म्हण चुकीची आहे. मावशी जगोच. पण माय मरायला नको होती."