आपल्यापैकी नाही

टेबलावर अठरा फोटो होते. नऊ पाणथळी, प्रत्येकीचे दोन. मागे पेन्सिलीने जागेचा क्रमांक आणि तारीख. पुढे काहीच नाही. तिने ते पत्त्यांसारखे पिसले आणि पहिला बाबांपुढे सरकवला.

दादा कागद-पेन घेऊन खिडकीपाशी उभा होता. बाबांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला.

"परीक्षाच म्हणा की. पास झालो तर बक्षीस काय?"

"इथेच राहाल," दादा म्हणाला.

"आणि नापास?"

"माझ्याकडे यायचं. सातवा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

"सातव्या मजल्यावरून घारी तेवढ्या दिसतील."

दादा हसला नाही. दोन आठवड्यांपूर्वी दुकानातून परतताना बाबा भलत्याच गल्लीत शिरले होते. त्याआधी एकदा गॅस चालू राहिला होता. अगदी माहितीच्या जागा ओळखतात का ते बघा, असं डॉक्टर म्हणाले. एकतीस वर्षं बाबा या नऊ राखीव पाणथळींचे रखवालदार होते. दर हिवाळ्यात तिथले पक्षी मोजायचे. गुडघ्यांमुळे गेली सहा वर्षं तिकडे जाणं झालं नव्हतं, एवढंच. अठरापैकी बारा आले तर पुरे, असं भावाबहिणीचं ठरलं होतं. बारा हा आकडा तिचा. दादाला पंधरा हवे होते.

"हे लांबट," बाबा म्हणाले. नऊही तळ्यांना रखवालदारांनीच ठेवलेली नावं होती.

"कशावरून?"

"मधल्या खांबावर पाणकावळा पंख वाळवतोय. बाजूच्या दोन्ही खांबांवर तो कधी बसत नाही. का ते विचारू नकोस, एकतीस वर्षांत मला त्याने सांगितलं नाही."

दुसरा फोटो. "जुळं. चमचा पक्ष्यांच्या मागे लव्हाळा कापलाय बघ. मीच कापला होता, आणि त्यावरून साहेबाची बोलणी खाल्ली होती."

तिसरा त्यांनी हातात न घेताच ओळखला. चौथा उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला.

"हे आपल्यापैकी नाही."

"नीट बघा, बाबा."

"ही टिटवी आहे. पाय कोरडे आहेत तिचे. कुणाचा माळ दाखवतेस मला, टिबू?"

टिबुकलीसारखी बुडी मारून गायब व्हायची, म्हणून लहानपणापासून ती टिबू. आता ती बाबांच्याच खात्यात पाहणीचं काम करत होती, आणि चौथा फोटो लांबट तळ्याचाच होता. याच जानेवारीत तिने काढलेला. जुन्या आणि नव्या फोटोंत फरक आहे हे तिला दिसत होतंच. पण जागा एकच होती, अक्षांश-रेखांश चौथ्या दशांशापर्यंत जुळत होते. जागा म्हणजे तेच, असं ती शिकली होती. दादाने फुली मारली.

सातव्याला बाबा ठामपणे म्हणाले, "नाही." अकराव्याला थांबून म्हणाले. सोळाव्याला त्यांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हेही... आपलं नाही ना?"

अठरावा फोटो पालथा पडल्यावर दादाने कागदाची घडी घातली.

"दहा," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबा, रविवारी गाडी घेऊन येतो."

"ये." बाबा टेबलाला धरून उठले. "डोकं चालेनासं झालं की माणसाने पायांनी तरी मुकाट चालावं." आतल्या खोलीत कपाटावरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

ती फोटो गोळा करू लागली. सवयीने तिने दोन गठ्ठे केले, ओळखलेले आणि न ओळखलेले, आणि मागच्या तारखा वाचल्या. ओळखलेल्या दहातले नऊ जुने, खात्याच्या कपाटातले. दहावा या जानेवारीचा: सांडपाण्याच्या प्रकल्पामागचं तळं, तिथलं पाणी कधीच आटत नाही. न ओळखलेले आठही या जानेवारीचे.

नोकरीला लागून तिला दोन वर्षं झाली होती. दोन्ही अहवालांत तिने पाण्यासमोर 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलं होतं. सुट्टीत बाबांबरोबर तळ्यांवर जायची तेव्हा पलीकडचा काठ दिसायचा नाही, हे तिला आठवत होतं. लहानपणी सगळंच मोठं दिसतं, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं.

"दादा, ते चुकले नाहीत."

त्याने तारखा वाचल्या. मग पुन्हा, एकेक फोटो उलटून.

"मग जा, सांग त्यांना," तो म्हणाला. "डोकं शाबूत आहे, तुमची तळीच राहिली नाहीत म्हणून सांग. बघ त्यांना यातलं काय सोसवतंय."

तिने लांबटचे दोन्ही फोटो उचलले.

बाबा पलंगावर बसून स्वेटरची घडी घालत होते. तिने फोटो त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी डावा पाहिला, उजवा पाहिला. दोन्ही उलटले. दोन्हींवर एकच क्रमांक होता. एकतीस वर्षं वहीच्या कोपऱ्यात त्यांनी तोच लिहिला होता. बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"पाणी मोजलंस?"

"हो."

"काठाला नाही ना? होडी बांधायचो तिथे, मधोमध?"

"सगळ्यात खोल जागी. तीन वेळा."

"किती भरलं?"

तिने दाराकडे पाहिलं. दारात दादा उभा होता.

"नऊ सेंटीमीटर," ती म्हणाली.